अपडेटमध्ये जातं कधी कधी

घरात दोन सुना आणि दोघींनाही कॉम्प्युटरमधलं कळतं, याचं बाहेरच्यांना भारी कौतुक. बाहेरच्यांचं काय जातं! थोरलीला विचारलं असतं तर तिनं स्पष्ट सांगितलं असतं, की एका कारखान्यात एकच शहाणी असावी. दुसरी आली की पहिलीला कुत्रं विचारत नाही.

कारखाना सासूबाईंचा होता आणि तिथे स्वेटर विणले जात. मोठ्या खोलीत विणायची मशीनं, मागच्या बाजूला इस्त्री आणि घड्या घालायचं लांब टेबल, आणि मशीनच्या खोलीला लागून एक काचेची चिंचोळी खोली. तिला सगळे ऑफिस म्हणत. गिऱ्हाइकाकडून डिझाइन यायचं ते टाक्यांच्या खुणांमध्ये लिहून. इतके सुलट, इतके उलट, मग कंस, आणि कंसाबाहेर आकडा, म्हणजे कंसातलं तितक्या वेळा विणायचं. माणसाला हे कळतं. मशीनला कळत नाही, त्याला एकेक टाका सुटा करून सांगावा लागतो. या खुणा वाचून मशीनला समजेल अशी फाइल तयार करणारा प्रोग्रॅम थोरलीनं लग्न होऊन आल्यावर स्वतः बसून लिहिला होता, आणि तेव्हापासून त्याला ठिगळं लावत ती तो चालवत आली होती.

प्रोग्रॅम गुणी होता, फक्त कंसात दुसरा कंस आला की बावचळायचा. मग मशीन मध्येच थांबायचं, नाहीतर एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब व्हायची. असं झालं की मशीनवाले काका हातातलं टाकून ओरडायचे, "ताईंना बोलवा!" ताई, म्हणजे थोरली, दारापाशीच बसलेली असायची. ती पदर खोचून जायची, डिझाइनचा कागद घ्यायची, आतला कंस हातानं उलगडून लिहायची, आणि मशीन पुन्हा खडखडायला लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "थोरली आहे म्हणून चाललंय सगळं." थोरली वरवर कटकट करायची, पण खरं सांगायचं तर ती त्या एका हाकेवर जगत होती.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. दिसायला चारचौघींसारखी, बोलायला मऊ, चष्मा सारखा पुसायची सवय. सुरुवातीला ती नुसती बघत बसायची. एके दिवशी थोरलीच्या मागे उभी राहून तिनं विचारलं, "ताई, हे सगळं हातानं का लिहिलंत?"

त्या 'का'नं थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. "मग काय पायानं लिहायचं होतं?"

धाकटी हसली. तेही मनापासून, म्हणजे रागवायलाही जागा नाही. "तसं नाही हो. यासाठी तयार टूल मिळतं. पार्सर जनरेटर म्हणतात. आपण फक्त नियम लिहून द्यायचे. टाका कशाला म्हणायचं, ओळ कशाला म्हणायची, कंसात काय काय येऊ शकतं. त्यावरून वाचणारा प्रोग्रॅम ते टूलच लिहून देतं."

"आणि कंसात कंस आला तर?" थोरलीनं ठेवणीतला प्रश्न काढला.

"कितीही येऊ द्या," धाकटी चष्मा पुसत म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण 'कितीही' कळलं. "मग टाक की ते," त्या म्हणाल्या. "कुणाची वाट बघतेस?"

धाकटीनं दारापाशी असलेल्या कॉम्प्युटरवर ते टूल उतरवून घेतलं. थोरलीच्या कॉम्प्युटरवर. पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे. थोरली हाताची घडी घालून बघत होती आणि काहीतरी बिनसू दे म्हणून मनातल्या मनात धावा करत होती. शेवटी धाकटीनं आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून टूलचं नाव लिहिलं, आणि कॉम्प्युटरनं साफ सांगितलं की या नावाचं इथे काही नाही. थोरलीच्या जिवात जीव आला. पण धाकटी म्हणाली, "अरे हो, पाथ राहिला." टूल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलंय तो पत्ता तिनं कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये घातला, ती खिडकी बंद करून नवी उघडली, पुन्हा नाव लिहिलं. टूलनं निमूटपणे आपलं नाव-गाव सांगितलं.

मग तिनं नियम लिहिले. सगळी फाइल स्क्रीनवर एका नजरेत मावत होती. टूलला ती फाइल दिली आणि क्षणभरात त्यानं एवढा लांबलचक प्रोग्रॅम ओकला, की थोरलीच्या इतक्या वर्षांच्या ठिगळांची त्याच्यापुढे चिंधीच दिसावी. संध्याकाळच्या आत कारखान्यातली सगळ्यात बदनाम बाही, तीन कंस एकात एक असलेली, मशीननं न अडखळता विणून टाकली. सासूबाईंनी ती उजेडात धरली. काकांनी टाके मोजले. कुणी थोरलीकडे बघितलं नाही.

"थोरले," दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तू आता खिडकीपाशी बस हो. तिथे उजेड चांगला आहे. दारापाशी धाकटीला बसू दे, मशीनशी तिलाच बोलायचं असतं."

उजेड चांगला आहे! थोरलीला त्या उजेडात दिवसभर हिशेबाच्या पावत्या लावत बसावं लागलं. मशीन खडखडत राहायचं आणि कुणी हाक मारायचं नाही. काका चहा आणायचे तो आधी दारापाशी ठेवायचे, मग आठवण आल्यासारखं खिडकीकडे यायचे. धाकटीचं हसणं, तिचं ते सारखं चष्मा पुसणं, फोनवर आईशी हळू आवाजात बोलणं, एकूण एक गोष्ट थोरलीच्या डोळ्यांत खुपायला लागली. घरी तिनं नवऱ्यापाशी विषय काढला तर तो म्हणाला, "बरंच झालं की. तुझ्या डोक्याचा ताप गेला."

"ताप गेला म्हणे!" थोरलीनं हातातलं पातेलं आपटलं. "तो ताप होता म्हणून मला कुणी विचारत तरी होतं."

नवऱ्यानं पातेलं उचलून जागेवर ठेवलं. लग्नाला बरीच वर्षं झालेली होती त्याच्या.

थोरलीच्या मनात ते कधी आलं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण एका दुपारी सगळी मागच्या टेबलावर जेवायला गेली तेव्हा "डोकं दुखतंय, तुम्ही व्हा पुढे" म्हणून ती खोलीतच थांबली, आणि दारापाशीच्या खुर्चीवर जाऊन बसली. कॉम्प्युटरवर काय काय टाकलेलं आहे त्याची यादी उघडली. त्यात ते टूल होतं. 'काढून टाका'वर तिनं क्लिक केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायचं का? अगदी नक्की, थोरली पुटपुटली. मग सेटिंगमधला पत्ता पुसला, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. कामाला ती चोख होती, वाईट कामालासुद्धा.

नंतर ती खिडकीपाशी बसून वाट बघायला लागली. धाकटी येईल, नवीन डिझाइन घालेल, आणि सगळं ठप्प होईल. मग हाक येईल.

धाकटी आली. डिझाइन घातलं. मशीन खडखडायला लागलं. दुसरं डिझाइन घातलं, तेही विणून झालं. थोरलीला वाटलं, आपण भलतंच काहीतरी काढलं की काय. संध्याकाळी सगळ्यांची पाठ फिरल्यावर तिनं काळ्या खिडकीत टूलचं नाव लिहून बघितलं. या नावाचं इथे काही नाही. म्हणजे गेलं होतं ते, समूळ गेलं होतं. तरी धाकटीचं काम बिनबोभाट चालू होतं.

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. टूलचं काम प्रोग्रॅम लिहून देण्यापुरतं. एकदा लिहून झाला की त्या प्रोग्रॅमला टूल लागतं कशाला? सुया फेकून दिल्या म्हणून विणलेला स्वेटर उसवत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि जन्म स्वेटरांच्या कारखान्यात चाललेला! पण थोरलीचा आजवरचा प्रोग्रॅम असा, की ती शेजारी बसली तरच चालायचा. करणारी उठून गेली तरी चालत राहणारा प्रोग्रॅम तिच्या कल्पनेतच नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा चारपट धाकटीचा राग आला.

टूल परत टाकून ठेवायला हवं होतं. पण ते धाकटीला मदत केल्यासारखं झालं असतं, म्हणून थोरलीनं तसंच राहू दिलं.

पुढे धाकटीची आई जिन्यावरून पडली आणि तिचा पाय मोडला. धाकटी तातडीनं तिकडे गेली. आणि ती गेली त्याच आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं डिझाइन आलं, त्यात वेणी होती. टाके एकमेकांवरून ओलांडून नेले की स्वेटरवर पीळ उमटतो, ती वेणी. तिची खूण कारखान्यात कधी आलीच नव्हती. धाकटीच्या प्रोग्रॅमनं ती बघितली आणि हात वर केले.

"ताईंना बोलवा!" काका ओरडले.

थोरली अशी उठली, की पावत्या भुईवर पसरल्या. पण कागद बघितला आणि तिचं तोंड उतरलं. वेणी कंसात, तो कंस दुसऱ्या कंसात, आणि पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या, सगळं तसंच. हातानं उलगडायचं तर गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे गेलं असतं. सासूबाईंनी सरळ धाकटीला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"सोपं आहे, ताई," धाकटी म्हणाली. "नियमांच्या फाइलमध्ये वेणीचा एक नियम वाढवा. तुम्हाला बघून कळेलच. मग काळ्या खिडकीतून ती फाइल टूलला द्या, ते नवा प्रोग्रॅम लिहून देईल."

काका बघत होते, सासूबाई बघत होत्या. "ते इथे नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये?"

"टूल."

फोनमधून पलीकडची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग धाकटी हळूच म्हणाली, "अपडेटमध्ये जातं कधी कधी. परत टाका. कुठून घ्यायचं ते मी सांगते."

"मेलं ते अपडेट!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा विषय संपला.

थोरलीचा संपला नाही. असं टूल कुठल्याही अपडेटमध्ये जात नाही, हे तिला माहीत होतं, आणि धाकटीला तर माहीत होतंच होतं. सगळं ओळखून तिनं सगळ्यांच्या देखत पांघरूण घातलं होतं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. हिच्याजवळ अक्कल आहे ती आहे, वर मोठं मनही आहे, म्हणजे माझ्या वाट्याला ठेवलंय तरी काय हिनं, असं वाटून थोरलीचे डोळे भरून आले.

पण मशीन थांबलेलं होतं. ती दारापाशीच्या खुर्चीवर बसली आणि टूल स्वतःच्या हातांनी परत टाकायला लागली. पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे. पत्ता घातला, नाव लिहिलं, आणि कॉम्प्युटर म्हणाला, या नावाचं इथे काही नाही. तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. मग आठवलं, धाकटीनं जुनी खिडकी बंद करून नवी उघडली होती. आधीपासून उघडी असलेली खिडकी जुन्याच समजुतीत राहते. नवी उघडली, आणि टूलनं नाव-गाव सांगितलं.

नियमांची फाइल तिनं पहिल्यांदाच नीट वाचली. कंसात ओळी येतात, ओळीत टाके येतात, किंवा पुन्हा कंस येतो. झालं, एवढंच. ज्या गोष्टीशी ती इतकी वर्षं झटापट करत होती ती इथे एका ओळीत बसवलेली होती. थोरलीला हेवा वाटला, पण या वेळी तो निराळा होता. ही फाइल आपण का नाही लिहिली, एवढाच. तिनं वेणीचा नियम घातला. टूलनं तक्रार केली, की ही खूण दोन तऱ्हांनी वाचता येतेय, नक्की कुठली? ती त्याच्याशी मोठ्यानं भांडली, नियम बदलला, पुन्हा भांडली. दिवस कलायला मशीननं पहिली वेणी विणली आणि काकांनी तिचा चहा सगळ्यांच्या आधी आणून ठेवला.

मग तिला चटकच लागली. डाव्या बाहीवरून उजवी आपोआप उलटून यावी असा नियम तिनं घातला. गळ्याचा उतार घातला. गिऱ्हाइकं चुकून कंस बंद करायला विसरतात तेव्हा नेमकी कुठली ओळ ते सांगायची सोय केली. धाकटी परत येईपर्यंत फाइल दुप्पट झाली होती, आणि थोरली खिडकीकडे उजेड असतो हे साफ विसरली होती.

धाकटी आली, आईची हकिगत सांगितली, बॅग ठेवली. सासूबाई उत्साहात होत्या. "धाकटे, तू नव्हतीस तेच बरं झालं बघ! थोरलीनं असं काही केलंय, की आता बाह्यासुद्धा आपोआप होतात. तू नाही केलंस ते कधी."

"हो? छान," धाकटी म्हणाली आणि हसली. ते हसणं थोरलीनं लगेच ओळखलं. कित्येक महिने ते तिनं स्वतःच्या तोंडावर वागवलं होतं.

"मी बसते खिडकीपाशी," धाकटी म्हणाली. "तिथे उजेड चांगला आहे." तिला नको म्हणावं असं थोरलीच्या मनात आलं, पण तोवर धाकटी पावत्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढून बसलीही होती.

काही दिवस गेले. काका हाक मारायचे ती ताईंनाच. धाकटी दर वेळी मान वर करायची आणि पुन्हा पावत्यांत घालायची. चष्मा पुसून पुसून काचा झिजतात की काय अशी वेळ आली. मग एका दुपारी जेवायला निघताना ती म्हणाली, "माझं डोकं दुखतंय. तुम्ही व्हा पुढे."

थोरलीनं मागच्या टेबलावर डबा उघडला आणि घास हातातच राहिला. डोकं दुखतंय! तिनं काचेच्या खोलीकडे एकदा बघितलं. उठून जावं, असं वाटलं. पण ती उठली नाही. उलट सावकाश जेवली, डबा चाटूनपुसून संपवला, काकांच्या मेव्हण्याची कंटाळवाणी गोष्ट पहिल्यापासून ऐकून घेतली. कित्येक महिन्यांत अन्न असं गोड लागलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी नवी खूण असलेलं डिझाइन आलं. थोरलीनं नियम घातला, टूलचं नाव लिहिलं. या नावाचं इथे काही नाही.

"आता काय झालं?" सासूबाई मागेच उभ्या होत्या. काकाही येऊन थांबले. खिडकीपाशी धाकटी एका पावतीकडे इतकं टक लावून बघत होती, की जणू तिच्यावर कविता छापलेली असावी.

थोरलीनं यादी उघडली. यादीत टूलचं नाव होतं, पण टूल नव्हतं. बाईसाहेबांनी घाईघाईत नुसतं फोल्डरच उडवलं होतं. काढायचंही धड येत नाही हिला, असं थोरलीच्या मनात आलं आणि तिला मनापासून बरं वाटलं. तिनं खुर्ची वळवली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. दारापाशीची खुर्ची कायमची तिची झाली असती.

"काही नाही, आई," ती म्हणाली. "अपडेटमध्ये जातं कधी कधी."

धाकटीचे कान लालबुंद झाले.

"जळलं मेलं ते अपडेट! एकदाचं बंद करून टाका," सासूबाई म्हणाल्या आणि मशीनकडे गेल्या. काकाही गेले.

"ये इकडे," थोरली म्हणाली. "बस खुर्चीवर. परत टाक." आणि स्वतः शेजारी स्टूल ओढून बसली.

धाकटी आली. तिनं टूल उतरवून घेतलं. पण ते बसेना. ते म्हणे आधीपासूनच इथे आहे.

"यादीत नाव राहिलंय," थोरली खालच्या आवाजात म्हणाली. "आधी तिथून नीट काढायचं. असं फोल्डर उडवून जात नाही ते."

धाकटीनं यादी उघडली. स्क्रीनवरची नजर न हलवता तिनं विचारलं, "तुम्ही कसं काढलं होतंत?"

"यादीतून. पाथसकट. टोपलीही रिकामी केली होती."

"मला वाटलंच," धाकटी म्हणाली. "इतकं स्वच्छ काम कुठलं अपडेट करतंय!"

थोरलीला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात दडवलं. धाकटीनं दडवलंही नाही. यादीतलं नाव काढून तिनं टूल पुन्हा बसवायला घेतलं, आणि दोघी स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरताना बघत बसल्या. आपल्यावर कुणीतरी जळतं, आपल्यासारखी शहाणी बाई आपल्यावर जळते, या विचारानं थोरलीला इतका आनंद झाला, की तिला धाकटी पहिल्यांदाच आवडली. हेवा गेला होता असं मात्र कुणी समजू नये. तो जागच्या जागी होता, फक्त आता त्याला सोबत मिळाली होती.

"अगं, मशीन अडलंय!" बाहेरून सासूबाईंची हाक आली. थोरले नाही, धाकटे नाही. "कुणीतरी या!"

दोघी एकदमच उठल्या. थोरली आधी पोचली. स्टूल तिनं मुद्दामच दाराच्या बाजूला ओढून घेतलं होतं.